कागदावर ऐच्छिक, वॉर्डात सक्तीची

१६ जानेवारी २०२१, शनिवार. देशभर करोनाच्या लसीकरणाला त्या दिवशी सुरुवात झाली आणि पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला. महाराष्ट्रात २८५ केंद्रे होती. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांवर कोविशिल्ड पोचली होती. कोव्हॅक्सिन फक्त सहा ठिकाणी द्यायचे ठरले होते आणि त्या सहांत सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’चे नाव होते. कोणती लस घ्यायची हे घेणाऱ्याच्या हाती नव्हते. जे केंद्र, ती लस. कोव्हॅक्सिनच्या केंद्रांवर मात्र एक कागद जास्तीचा होता. औषध महानियंत्रकांनी ३ जानेवारीला या लशीला परवानगी दिली ती ‘क्लिनिकल ट्रायल मोड’मध्ये, कारण चाचणीच्या तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष यायचे होते. म्हणून टोचण्याआधी संमतीपत्रावर सही घ्यावी लागे. लशीची परिणामकारकता अजून सिद्ध व्हायची आहे, असे त्या कागदावर लिहिले होते. लशीमुळेच गंभीर अपाय झाल्याचे सिद्ध झाले तर उत्पादक कंपनी भरपाई देईल, असेही लिहिले होते. कोविशिल्डच्या केंद्रांवर असा कागद नव्हता, म्हणून भरपाईचा शब्दही नव्हता. म्हणजे जिच्या बाजूने पुरावा तोकडा, ती लस घेणाऱ्याच्या हातात निदान एक लेखी हमी. जिचा पुरावा भक्कम, ती घेणाऱ्याच्या हातात काहीच नाही. याच दिवशी दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी कोव्हॅक्सिनऐवजी कोविशिल्ड द्या, असे पत्र लिहिले. महाराष्ट्रात पहिल्या दिवशी २८,५०० कर्मचाऱ्यांना लस द्यायचे उद्दिष्ट होते. आले सुमारे १८,३००.

न आलेल्या दहा हजारांचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. सरकारचे अधिकृत उत्तर सोपे होते: लस ऐच्छिक आहे. दवाखान्यांतले उत्तर वेगळे होते. याद्या आल्या होत्या, नावे लागली होती, कोण राहिले याची विचारणा वरून होत होती. सात रस्ता, रेल्वे लाइन्स, सदर बझार हा सोलापूरचा दवाखान्यांचा पट्टा. सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गीपासून धाराशिव-लातूरपर्यंतचे रुग्ण इथे येतात आणि त्यांची उठबस करणाऱ्या सिस्टर, ब्रदर, मामा, मावश्या यांची नोकरी बहुतांशी तोंडी शब्दावर किंवा कंत्राटावर चालते. अशा माणसाला ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ साहेबांच्या चेहऱ्यावरून कळतो. आरोग्य कर्मचाऱ्यांना लस सक्तीची असावी की नसावी, हा वाद पाश्चात्त्य देशांत उघड्यावर झाला: संप, खटले, लवाद, संशोधनपत्रिका अशा सगळ्या आखाड्यांत. आपल्याकडे तो झालाच नाही, कारण सक्ती कायद्याच्या दारातून कधी आली नाही. ती परिपत्रकातून आली, फोनवरून आली, पगारपत्रकातून आली. म्हणून तिची जबाबदारीही कोणी घेतली नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच, आणि फ्लूच्या लशीचा इतिहास त्यासाठी करोनापेक्षाही चांगला साक्षीदार आहे. करोनाच्या काळात भीतीने निम्मे निर्णय घेतले. फ्लू मात्र दर पावसाळ्याला येतो, त्याची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते आणि तिचा गुण बेताचाच असतो. सक्तीच्या समर्थनाची खरी परीक्षा तिथे होते.

या दुटप्पीपणाला जुनी परंपरा आहे. १८९७ च्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा आला, घराघरांत झडत्या सुरू झाल्या आणि २२ जूनला पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. इतके रामायण घडल्यावर सरकार टोचणीच्या बाबतीत सावध झाले. मुंबई इलाख्यात प्लेगची लस सर्वांना सक्तीची झाली नाही. मात्र टोचून घेतलेल्याला दाखला मिळे आणि तो दाखवला की विलगीकरणाच्या छावणीतून सूट मिळत असे. म्हणजे लस ऐच्छिक, पण न घेणाऱ्याला छावणी. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना टोचले गेले आणि त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते मेले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते आणि ती बाटली परळच्या प्रयोगशाळेतून गेली होती. ठपका हाफकिनवर आला, त्यांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना गावातच दूषित झाली असावी, हे मान्य होऊन त्यांच्यावरचा डाग पुसला जायला १९०७ साल उजाडले. त्या पाच वर्षांत लशीवरचा विश्वास किती ढासळला, याचा हिशेब कोणी मांडला नाही. तसाच मेलेल्या एकोणीस जणांच्या घरच्यांना काय मिळाले याचाही. चौकशी झाली ती शास्त्रज्ञ दोषी की निर्दोष याची.

आता एकदम शंभर वर्षे पुढे. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने एच१एन१ इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ जाहीर केली. भारतातला पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादला सापडला होता. पहिला मृत्यू मात्र पुण्यात झाला, ३ ऑगस्टला, चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. त्यानंतरचे पंधरा दिवस पुण्याने जे पाहिले ते पुढे २०२० मध्ये सगळ्या देशाने पाहिले: नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा, बंद शाळा, बंद चित्रपटगृहे, काळ्या बाजारात गेलेले मास्क, ते न मिळाल्याने तोंडाला बांधलेले रुमाल, आणि रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी. टॅमीफ्लू फक्त सरकारी दवाखान्यांतून मिळे. त्यामुळे साधा ताप आलेला आणि खरा फ्लू झालेला, दोघेही एकाच रांगेत तासन्‌तास उभे राहत. त्या रांगेच्या पलीकडे बसलेली माणसे कशाच्या जोरावर बसली होती, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुण्यात दगावलेल्यांत एक आयुर्वेदिक डॉक्टर होता आणि एक औषधविक्रेता. रुग्णाच्या तीन फुटांवर दिवसभर उभे राहणाऱ्याला धोका जास्त, हे सिद्ध करायला आणखी कोणता पुरावा लागत नव्हता.

लस आली ती साथ ओसरल्यावर. केंद्र सरकारने सनोफी पाश्चरच्या ‘पॅनेन्झा’ लशीचे १५ लाख डोस मागवले, तेही मुख्यतः आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. २०१० चा उन्हाळा लागताना ते राज्यांपर्यंत पोचले. प्रतिसाद इतका थंड होता की डोस मुदत संपेपर्यंत शीतपेट्यांत पडून राहिल्याच्या बातम्या आल्या. डॉक्टरच लस घेत नाहीत तर लोक काय घेणार, असे तेव्हा उपहासाने म्हटले गेले. पण त्यांच्या शंका अडाण्याच्या नव्हत्या. लस घाईने केलेली, परदेशी, भारतीयांवर तिची चाचणी तुटपुंजी, आणि आता रुग्णही नाहीत, मग घ्यायची कशाला? यातला शेवटचा मुद्दा चुकीचा ठरला, कारण त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रात दुसरी लाट आली आणि जूनमध्ये झायडस कॅडिलाची, जुलैमध्ये पुण्याच्या सीरमची नाकात फवारायची ‘नेझोव्हॅक’ अशा देशी लसी बाजारात येऊनही बहुतेक दवाखाने तिला कोरडेच सामोरे गेले. पण घाईबद्दलची शंका? १९७६ मध्ये अमेरिकेने फोर्ट डिक्स छावणीतल्या स्वाइन फ्लूला घाबरून चार कोटींहून अधिक लोकांना लस टोचली होती. गियां-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढल्यावर डिसेंबरात तो कार्यक्रम गुंडाळावा लागला, आणि ज्याची धास्ती होती ती साथ आलीच नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये फिनलंड आणि स्वीडनमधून बातमी आली की ‘पँडेमरिक्स’ ही लस घेतलेल्या काही मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे अवेळी झोपेचा विकार जडतो आहे. पॅनेन्झा वेगळी होती, तिच्यात पँडेमरिक्समधला प्रतिकारवर्धक घटक नव्हता. पण हा फरक आपल्या कर्मचाऱ्यांना कोणी समजावून सांगितला होता? पेट्या आल्या, याद्या आल्या, माहिती आली नाही. ज्याला शरीरशास्त्र शिकवले त्याच्याशी लशीबद्दल बोलायची गरज कोणाला वाटली नाही, आणि ज्याला शिकवले नव्हते त्या वॉर्डबॉयशी बोलायची तर नाहीच नाही.

याच काळात अमेरिकेत सक्तीचा प्रयोग चालू होता. सिअॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ पासून नोकरीची अट म्हणून फ्लूची लस सक्तीची केली. असे करणारे ते पहिलेच. पूर्वी जेमतेम निम्मे कर्मचारी लस घेत, पहिल्याच वर्षी ते प्रमाण ९७ टक्क्यांच्या पुढे गेले. आकडा जोरदार आहे आणि सक्तीचे समर्थक तो नेहमी पुढे करतात. त्याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. परिचारिकांची संघटना लवादाकडे गेली आणि जिंकली. संघटनेच्या परिचारिकांना लशीची सक्ती करता येणार नाही, न घेणारीने मास्क लावावा, असे ठरले. २००९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्याने सगळ्याच आरोग्य कर्मचाऱ्यांवर सक्ती लादली. ऑक्टोबरात न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि पुढच्याच आठवड्यात सरकारने स्वतःहून ती मागे घेतली. कारण काय, तर लशीचा तुटवडा. सक्ती केली, पण लसच नाही. कॅनडात ऑन्टारिओच्या दवाखान्यांनी ‘लस घ्या, नाहीतर हंगामभर मास्क लावा’ असा पर्याय ठेवला. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये लवादांनी तो पुराव्याअभावी मोडीत काढला.

पुरावा म्हणजे नेमका काय होता? ग्लासगो परिसरातल्या वीस दीर्घ-शुश्रूषा रुग्णालयांचा अभ्यास सन २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यांतल्या निम्म्या रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना लस देण्याची मोहीम घेतली, निम्म्यांत नाही. जिथे मोहीम झाली तिथे ५१ टक्के कर्मचाऱ्यांनी लस घेतली, जिथे नाही तिथे ५ टक्क्यांनी. त्या हिवाळ्यात वृद्ध रुग्णांचे मृत्यू पहिल्या गटात १३.६ टक्के, दुसऱ्यात २२.४ टक्के. इथेच थांबले तर वाद मिटला असे वाटेल. पण त्याच अभ्यासात रुग्णांच्या नाका-घशातले नमुनेही तपासले होते आणि फ्लूच्या विषाणूचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. फ्लू सारखाच आणि मृत्यू मात्र इतके कमी, हे कसे? कर्मचाऱ्यांना दिलेल्या लशीचा एवढा परिणाम गणितात बसत नाही, असे पुढे अनेकांनी दाखवले. कोक्रेन या पुरावे तोलणाऱ्या संस्थेच्या आढाव्यांतही वृद्धाश्रमांतल्या रुग्णांना कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा ठोस फायदा झाल्याचे निर्णायकपणे दिसले नाही. लस निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. विषाणू आणि लस जुळून आली त्या वर्षी फ्लूची लस दवाखान्यापर्यंत नेणारा आजार ४० ते ६० टक्क्यांनी टाळते. जुळली नाही त्या वर्षी, उदाहरणार्थ २०१४-१५ च्या अमेरिकी हंगामात, हा आकडा २० टक्क्यांच्या आत गेला. घेणाऱ्याला फायदा नक्की आहे. त्याच्या रुग्णाला किती, याचे उत्तर धूसर आहे. आणि सक्तीचे सारे नैतिक समर्थन तर रुग्णाच्या फायद्यावर उभे आहे. स्वतःच्या भल्यासाठी कोणाला सुई टोचून घ्यायला लावता येत नाही.

महाराष्ट्रात यातले काहीच झाले नाही. २०१५ मध्ये स्वाइन फ्लूने पुन्हा जोर धरला. राज्यात साडेआठ हजारांच्या आसपास रुग्ण आणि सुमारे ९०० मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी राज्य सरकारने एक चांगले पाऊल उचलले. गरोदर स्त्रिया, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना फ्लूची लस मोफत, ऐच्छिक म्हणून देऊ केली. इतर राज्यांच्या मानाने हे पुढचे पाऊल होते आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, पुन्हा सहा हजारांवर रुग्ण आणि पावणेआठशेच्या घरात मृत्यू. लस मोफत असून उपयोग का झाला नाही याची कारणे कंटाळवाणी आहेत, म्हणून त्यांची चर्चा होत नाही. आपल्याकडे फ्लूचा मुख्य हंगाम पावसाळ्यात येतो. लशीचा गुण यायला दोन आठवडे लागतात. म्हणजे ती एप्रिल-मेमध्ये टोचली गेली पाहिजे आणि त्यासाठी खरेदी त्याच्याही आधी. खरेदीची फाइल साथीच्या बातम्या आल्यावर हलली, तर लस गणपतीत पोचते. आणि एकदा घेतली की झाले, असेही नाही. विषाणू बदलतो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा. कावीळ-बीची लस तीन डोसांत बहुतेकांचा जन्माचा प्रश्न मिटवते, म्हणून ती वैद्यकीय विद्यार्थ्यांना घ्यायला लावण्यावर फारसा कोणी वाद घालत नाही. फ्लूचे तसे नाही, आणि एकीचा दाखला देऊन दुसरीची सक्ती करता येणार नाही.

मग करोना आला. सोलापुरात पहिल्या रुग्णाची नोंद १२ एप्रिल २०२० रोजी झाली, पाच्छा पेठेत, आणि अहवाल हाती येईपर्यंत रुग्ण दगावला होता. विडी आणि यंत्रमागाच्या या दाट वस्तीच्या शहरात पुढच्या दोन महिन्यांत मृत्यूंचे प्रमाण राज्याच्या चिंतेचा विषय झाले. देशभरात पहिल्या लाटेत सातशेहून अधिक डॉक्टर गेल्याची नोंद इंडियन मेडिकल असोसिएशनने केली; सिस्टर आणि सफाई कामगार किती गेले याची तशी ठळक यादी कोणी केली नाही. लस आल्यावर तिचा उपयोग झाला, यात शंका नको. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने दुसऱ्या लाटेत आपल्याच कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. दोन डोस घेतलेल्यांत संसर्ग ६५ टक्क्यांनी, दवाखान्यात दाखल होणे ७७ टक्क्यांनी आणि आयसीयूची वेळ ९४ टक्क्यांनी कमी आढळली. पण या पुराव्याच्या जोरावर कोणी कायदा केला नाही, परिपत्रके निघाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे महापालिकेने पहिला डोसही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखायचे ठरवले. त्याच महिन्यात औरंगाबादेत लस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही, असे आदेश निघाले. मुंबईत लोकलचा डबा १५ ऑगस्टपासूनच दोन डोसवाल्यांपुरता राखीव झाला होता. केंद्र सरकार मात्र जानेवारी २०२२ मध्येही सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगत होते की लस पूर्णतः ऐच्छिक आहे.

न्यायालयांनी हा गोंधळ थोडाफार निस्तरला. मेघालय उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्येच जबरदस्तीचे लसीकरण मुळातच अवैध ठरवले होते. २०२२ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने लोकलबंदीच्या आदेशांबद्दल राज्याला खडसावले. मुख्य सचिवांनी ते राज्य कार्यकारी समितीला न विचारता, नियमांची वाट सोडून काढले होते, आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. मग २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा जेकब पुलियेल खटल्यातला निकाल आला, न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाचा. आपल्या शरीरावरचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भाग आहे, कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येत नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकते, ते निर्बंध पुराव्याच्या प्रमाणात हवेत, आणि त्या वेळची परिस्थिती पाहता राज्यांनी घातलेले निर्बंध तसे नव्हते. अपाय झालेल्यांची माहिती जाहीर करण्याची व्यवस्था करा, असेही न्यायालयाने बजावले. जगाचे चित्र एकसारखे नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १३ जानेवारीला आरोग्य कर्मचाऱ्यांपुरती करोना लशीची सक्ती पाच विरुद्ध चार अशा मतांनी उचलून धरली. ब्रिटनने १ एप्रिल २०२२ पासून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत सक्ती जाहीर केली आणि हजारो कर्मचारी नोकरी सोडतील असे दिसताच जानेवारी संपता संपता तलवार म्यान केली. ब्रिटिश सरकारने २०२१ मध्ये करोनाबरोबर फ्लूच्या लशीच्या सक्तीवरही जनतेची मते मागवली होती आणि नोव्हेंबरात ठरवताना फ्लू बाजूला ठेवला. लस बेताची, हंगाम लहरी, दरवर्षी पुन्हा तोच वाद. हे त्यांच्याही ध्यानात आले असणार.

निकालाने तत्त्व ठरले, भरपाई ठरली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये औरंगाबादच्या एका वडिलांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने नोटिसा काढल्या. त्यांची मुलगी नाशिकजवळच्या दंत महाविद्यालयात होती. आरोग्य कर्मचारी म्हणून तिला लस घ्यायला भाग पाडले गेले आणि लशीच्या दुष्परिणामाने ती गेली, असे त्यांचे म्हणणे. खरेखोटे न्यायालय ठरवील. आपण पाहायचे ते सरकारचे सर्वसाधारण उत्तर. नोव्हेंबर २०२२ मध्ये अशाच दुसऱ्या एका प्रकरणात केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की लस ऐच्छिक होती, म्हणून अपायाची जबाबदारी सरकारवर येत नाही. ज्यांना भरपाई हवी त्यांनी दिवाणी न्यायालयात जावे. करोनाने मेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या घरच्यांना ५० लाखांचा विमा होता. लशीने अपाय झालेल्यासाठी सरकारकडून काही नव्हते. ऐच्छिक आणि सक्तीची, या दोन शब्दांची सोयीप्रमाणे अदलाबदल होते ती इथे. काम करून घ्यायचे तेव्हा लस कर्तव्य असते आणि नुकसान भरून द्यायचे तेव्हा ती तुमची मर्जी असते.

सक्तीच्या बाजूने बोलणारे इथे एक खरा आक्षेप घेतील, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. रुग्णाचे काय? नवजात शिशूंच्या कक्षातले बाळ, केमोथेरपी चालू असलेली बाई, डायलिसिसचा रुग्ण यांनी आपली सिस्टर निवडलेली नसते. डॉक्टरच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी जीव धोक्यात का घालावा? शिवाय या पेशात येणाऱ्याने इतर अनेक बंधने स्वीकारलेलीच असतात. शस्त्रक्रियागृहात हात धुवायचे की नाही हे कोणी ऐच्छिक ठेवत नाही. हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. मोजक्या कक्षांमध्ये, हंगामापुरती, ‘लस घेतलेल्यालाच इथे ड्युटी’ अशी अट वाजवी आहे, मात्र न घेणाऱ्याला पगार न कापता दुसरीकडे काम मिळायला हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या वाजवीपणाच्या कसोटीत ती बसू शकते. पण हीच अट ओपीडीच्या नोंदणीखिडकीपासून रुग्णवाहिकेच्या चालकापर्यंत ताणली की तिचा आधार सुटतो. आणि हात धुण्याची उपमाही फसवी आहे. हात धुतल्याने कोणाला ताप येत नाही, आला तरी त्या दिवसाचा पगार जात नाही.

कारण दवाखान्यात फ्लू पसरतो तो लस न घेतलेल्या माणसापेक्षा तापात कामावर आलेल्या माणसामुळे जास्त, असे मानायला भरपूर जागा आहे. छत्तीस तासांच्या ड्युटीवरचा निवासी डॉक्टर क्रोसिन घेऊन उभा राहतो, कारण त्याच्या जागी दुसरा नाही. बाह्ययंत्रणेमार्फत घेतलेल्या मावशीचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. लस घेतल्यावर अंग मोडून आले तर उद्याचा खाडा कोण भरणार, हा तिचा पहिला प्रश्न असतो आणि तो लसविरोध नव्हे. १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशा कार्यकर्त्यांनी संप केला तो लशीविरुद्ध नव्हता, मानधनासाठी होता; घरोघर जाऊन लोकांना लशीसाठी तयार करणाऱ्या याच बाया होत्या. दुसरा आक्षेप असा की कर्मचाऱ्यांच्या मर्जीवर सोडले तर २०१० सारखीच लस शीतपेटीत पडून राहील. ग्लासगोत मोहीम झाली तिथे निम्मे लोक आले, सक्तीशिवाय. आपल्याकडे तशी मोहीम, म्हणजे वेळेवर लस, तिच्या गुणदोषांची मराठीत माहिती, शंका विचारायला जागा, टोचल्यानंतर एक दिवसाची भरपगारी रजा, असे सगळे एकत्र कधी करून पाहिलेच नाही. जे करून पाहिले नाही ते अयशस्वी ठरले म्हणणे योग्य नाही.

म्हणून सक्ती करायचीच असेल तर ती दवाखान्यावर करावी. दर मे महिन्यात, पहिला पाऊस पडायच्या आत, प्रत्येक कर्मचाऱ्याला, कायम असो वा कंत्राटी, लस त्याच्या कामाच्या जागी मोफत उपलब्ध करणे, नाही म्हणणाऱ्याचे कारण नोंदवून घेणे, अपाय झाल्यास खर्च आणि भरपाई लेखी कबूल करणे, आणि ताप असताना घरी बसणाऱ्याचा पगार न कापणे. २०२१ मध्ये सिव्हिलमध्ये कोव्हॅक्सिन घेणाऱ्याला भरपाईचा लेखी शब्द देता आला होता, तर फ्लूची लस घेणाऱ्याला देता न यायला कायद्याची अडचण नाही. राज्याने हे शासन निर्णयात आणावे. तोपर्यंत सात रस्ता-रेल्वे लाइन्सच्या खासगी दवाखान्यांनी आणि सोलापूरच्या वैद्यकीय संघटनांनी वाट पाहत बसू नये. येत्या एप्रिलमध्ये आपल्या मावश्यांची आणि ब्रदरांची यादी काढावी, लशीची मागणी नोंदवावी आणि भरपाईची हमी स्वतःच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी द्यावी.